पंधरा तबकड्यांतली सत्तर मिनिटे

हौशी संग्राहकाच्या कपाटात अशी एखादी तरी पेटी असतेच, जी मोठ्या उत्साहाने विकत घेतली गेली, जिच्यातल्या पहिल्या दोन तबकड्या मन लावून ऐकल्या गेल्या आणि पुढे वर्षानुवर्षे जिच्यावरची धूळ तेवढी झटकली गेली. अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकांच्या पार्श्वसंगीताचे जे अवाढव्य संच २०१० नंतर बाजारात आले, त्यांच्या नशिबी तर हे हमखास येते. २०१० साली 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेसाठी रॉन जोन्स यांनी रचलेल्या संगीताचा १४ सीडींचा संच निघाला. २०१२ मध्ये ला-ला लँड रेकॉर्ड्स या कंपनीने १९६६ ते १९६९ या काळातील मूळ 'स्टार ट्रेक'चे संगीत १५ सीडींत आणले. त्याच्या ६००० प्रतीच काढण्यात आल्या. २०१५ मध्ये 'लॉस्ट इन स्पेस'च्या १२ सीडी आल्या. त्यात पुढे जगप्रसिद्ध झालेल्या जॉन विल्यम्स यांचे उमेदवारीच्या काळातील काम ऐकायला मिळते.

एका सीडीवर फार तर ८० मिनिटांचे संगीत मावते. म्हणजे १५ सीडींचा हिशेब वीस तासांपर्यंत जाऊ शकतो. नोकरीधंदा सांभाळून संगीत ऐकणाऱ्या माणसाने या वीस तासांचे करायचे काय? उत्तर सोपे वाटते : आवडते तेवढे बाजूला काढून आपली एक यादी करावी. प्रत्यक्षात हे काम सोपे नाही. ते का नाही आणि कसे करता येते, हे मूळ 'स्टार ट्रेक'च्या संचाच्या आधारे पाहू. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ही मालिका रविवारी सकाळी दाखवली होती. तिच्या शीर्षकसंगीतातला तो उंच, शब्दहीन सूर अनेकांच्या कानांत अजून असेल. तो सूर एखाद्या वाद्याचा आहे, असे आमच्यापैकी कित्येकांना वाटे. वास्तविक तो ल्यूली जीन नॉर्मन या गायिकेचा आवाज होता.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यायला हवे, की या पेटीत गाणी नाहीत. हिंदी किंवा मराठी चित्रपटसंगीताच्या संचात प्रत्येक गाणे स्वयंपूर्ण असते. मुखडा असतो, अंतरे असतात, शेवट असतो. पार्श्वसंगीताचा घटक असतो 'क्यू', म्हणजे पडद्यावरील एका विशिष्ट प्रसंगासाठी मोजूनमापून लिहिलेला तुकडा. तो वीस सेकंदांचा असू शकतो किंवा चार मिनिटांचाही. तो कोठे सुरू होणार आणि कोठे थांबणार, हे संगीतकार ठरवत नाही; प्रसंगाची लांबी ठरवते. त्यातच अमेरिकी व्यावसायिक वाहिन्यांचा शिरस्ता असा, की सुमारे पन्नास मिनिटांचा भाग एक छोटी नांदी आणि चार अंक अशा तुकड्यांत विभागायचा आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी जाहिरातींसाठी थांबायचे. प्रेक्षकाने जाहिरातींच्या वेळी वाहिनी बदलू नये, म्हणून अंकाच्या अखेरीस संगीताचा एक जोरदार तडाखा दिला जाई. कप्तानाच्या चेहऱ्यावर कॅमेरा जातो, पितळी वाद्ये कडाडतात आणि साबणाची जाहिरात सुरू होते. पडद्यावर हा तडाखा शोभून दिसतो. परंतु तबकडीवर जाहिराती नसतात, राहतात ते नुसते तडाखे. असे पाच-सहा तुकडे लागोपाठ ऐकले, की कोणीतरी सारखे दार आपटून बाहेर जात आहे असे वाटू लागते.

दुसरी अडचण पुनरावृत्तीची. या मालिकेचे एकूण ७९ भाग प्रक्षेपित झाले, पण त्यांतील निम्म्याहूनही कमी भागांसाठी स्वतंत्र संगीत लिहिले गेले. वादकांच्या संघटनेशी झालेल्या करारानुसार एका मोसमात ठरावीक प्रमाणात नवे ध्वनिमुद्रण केले, की त्या मोसमातले तुकडे इतर भागांत पुन्हा वापरण्याची मुभा निर्मात्यांना मिळत असे. खर्च वाचवण्यासाठी तिचा पुरेपूर लाभ घेतला गेला. जेराल्ड फ्रीड यांनी सप्टेंबर १९६७ मध्ये प्रक्षेपित झालेल्या 'अमोक टाइम' या भागातील द्वंद्वयुद्धासाठी लिहिलेले संगीत पुढे 'द गेमस्टर्स ऑफ ट्रिस्केलियन'मधील मारामारीलाही चिकटवण्यात आले. सोल कॅप्लन यांनी 'द डूम्सडे मशीन'साठी रचलेली भीती 'ऑब्सेशन' आणि 'द इम्युनिटी सिंड्रोम' या भागांतही उपयोगी पडली. याचा अर्थ असा, की प्रेक्षकांच्या स्मरणात जे 'स्टार ट्रेकचे संगीत' म्हणून बसले आहे, ते घडवण्यात संगीतकारांइतकाच संगीत-संकलकांचाही वाटा आहे. रॉबर्ट राफ आणि जिम हेन्रिक्सन यांच्यासारखी मंडळी कात्री आणि चिकटपट्टी घेऊन बसत आणि कोणता तुकडा कोठे बसेल, हे ठरवत. आज आपण माउसच्या साह्याने जी यादी करतो, तिची पहिली आवृत्ती त्यांनी साठ वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. फरक इतकाच, की त्यांच्यापुढे चित्र होते. आपल्यापुढे ते नाही.

माझ्या पहिल्या यादीचा पुरता फज्जा उडाला होता, हे येथे कबूल केलेले बरे. सगळ्या लढाया, सगळे पाठलाग, सगळी संकटे मी एकत्र केली. प्रत्येक तुकडा उत्तम होता आणि एकत्रितपणे ते असह्य होते. वीस मिनिटांतच घरातल्या मंडळींनी आवाज कमी करण्याची विनंती केली आणि चाळीस मिनिटांनी मीच यंत्र बंद केले. चूक साधी होती. ज्या संगीताचा परिणाम भोवतालच्या शांततेवर अवलंबून आहे, त्याची शांतताच मी काढून घेतली होती. जेवणात सगळेच पदार्थ झणझणीत वाढले, तर तिखटाची चव उरत नाही.

त्यानंतर जी पद्धत अंगवळणी पडली, ती अशी. पहिली फेरी केवळ ऐकण्याची. रोज एक तबकडी, क्रमाने, काहीही न निवडता. हातात कागद असावा, पण त्यावर गुण देऊ नयेत. कान टवकारले गेले तेथे एक रेघ ओढावी, एवढेच. भागाचे नाव पाहून निवड करण्याचा मोह या टप्प्यावर टाळावा, कारण आवडत्या भागाचे संगीत आपल्याला आपोआप चांगले वाटते. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' हा मालिकेतील सर्वोत्कृष्ट भाग मानला जातो. म्हणून त्यातील प्रत्येक तुकडा सर्वोत्कृष्ट ठरत नाही. उलट, कथा म्हणून यथातथाच असलेल्या भागांत संगीतकाराने जीव ओतल्याची उदाहरणे आहेत.

मग पंधरवडाभर पेटी मिटून ठेवावी. हा पंधरवडा निरुपयोगी नाही. या काळात स्नानगृहात, लोकलमध्ये, जिना उतरताना जी सुरावट आपोआप ओठांवर येते, ती यादीत जाण्यास पात्र. रेघ ओढलेले शंभर तुकडे असतील, तर त्यांतले वीस-पंचवीस या परीक्षेत उत्तीर्ण होतात. अर्थात ही परीक्षा सुरावटींना झुकते माप देते. केवळ वातावरण निर्माण करणारे, गुणगुणता न येणारे संगीत तिच्यात नापास होते. म्हणून तिसऱ्या फेरीत रेघांची यादी पुन्हा चाळून, गुणगुणता येत नाही पण ऐकताना खोलीचा रंग बदलतो असे पाच-सात तुकडे हट्टाने परत घ्यावेत.

एकाच सुरावटीची अनेक रूपे असतील, तर कोणते ठेवावे? सर्वसाधारणपणे सर्वांत विस्तृत रूप. त्याला एक अपवाद मी आवर्जून करतो : मूळ रूपाचा संपूर्ण पालट करणारे दुसरे रूप असेल, तर दोन्ही ठेवावीत. अलेक्झांडर करेज यांचे शीर्षकसंगीत हे याचे उत्तम उदाहरण. ते आरंभी एकदाच यावे. प्रत्येक मोसमाचे वेगळे शीर्षक ऐकण्याचा अट्टहास संशोधकांनी करावा. पण 'द कॉन्शन्स ऑफ द किंग' या भागातील मेजवानीच्या प्रसंगात जोसेफ मुलेन्डोर यांनी त्याच सुरावटीला हॉटेलातल्या संध्याकाळच्या वाद्यवृंदाचा सैल, आळसावलेला पेहराव दिला आहे. ती गंमत गाळणे हा करंटेपणा ठरेल. जाता जाता, करेज यांच्याविषयीची एक हकिकत : शीर्षकात अंतराळयान पडद्यावरून सुसाट निघून जाते, तेव्हाचा 'हूश्श' असा आवाज त्यांनी स्वतःच्या तोंडाने काढलेला आहे. आणि याच सुरावटीवर निर्माते जीन रॉडनबेरी यांनी शब्द लिहिले. ते मालिकेत कधीच गायले गेले नाहीत, पण त्यांच्या बळावर रॉडनबेरी मानधनातील निम्म्या वाट्याचे धनी झाले. करेज यांना ते रुचले नाही, हे सांगायला नकोच.

वीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांचे काय करायचे, हा प्रश्न नेहमी येतो. यानाची ग्रहाभोवती प्रदक्षिणा, कप्तानाची दैनंदिनी, दालनाचे उघडणारे दार, असे हे तुकडे. सुटे ठेवले तर ते ठिगळांसारखे दिसतात. एका भागातले, एका संगीतकाराचे तीन-चार तुकडे सलग जोडून त्यांची चार-पाच मिनिटांची मालिका करावी. हा काही मूळ कलाकृतीचा अवमान नव्हे. मालिकेचे एक प्रमुख संगीतकार फ्रेड स्टायनर यांनी ऐंशीच्या दशकात लंडनच्या रॉयल फिलहार्मॉनिक वाद्यवृंदाकडून हे संगीत नव्याने वाजवून घेतले, तेव्हा त्यांनाही निवड करावीच लागली होती. मात्र जोडताना एका तुकड्याची शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर चढवू नये. आधुनिक ध्वनिवादकांत असे आपोआप मिसळण्याची जी सोय असते, ती या कामी बंदच ठेवावी. दोन तुकड्यांमध्ये दोन सेकंदांची शांतता पुरे; अंकाच्या अखेरच्या तडाख्यानंतर चार सेकंद द्यावेत.

आता निवडीतला खरा पेच. मालिकेला एकूण आठ संगीतकार लाभले. स्टायनर आणि फ्रीड यांचे काम विपुल. मुलेन्डोर आणि सॅम्युएल मॅटलोव्स्की यांनी प्रत्येकी एकच भाग केला. सोल कॅप्लन यांनी दोन आणि जेरी फील्डिंग यांनीही दोनच. केवळ आवडीवर भिस्त ठेवली, तर यादी फ्रीड आणि स्टायनर यांचीच होते, कारण त्यांच्या सुरावटी पुनःपुन्हा वापरल्या गेल्याने आपल्या कानांवर अधिक ठसल्या आहेत. येथे आवड आणि सवय यांत गल्लत होते. फ्रीड यांचे 'अमोक टाइम'मधले युद्धसंगीत तर मालिकेबाहेरही इतके फिरले, की १९९६ च्या 'द केबल गाय' या चित्रपटात जिम कॅरी ते तोंडाने म्हणत लढतो. ते यादीत असेलच. परंतु त्याच भागात स्पॉकसाठी बास गिटारवर वाजणारी संथ, आतल्या आत कुढणारी सुरावट आहे. माझ्या मते फ्रीड यांची खरी करामत ती आहे. मितभाषी माणसाच्या मनातली उलघाल दाखवण्यासाठी त्या काळातल्या तरुणांचे वाद्य निवडण्याची कल्पना त्यांना सुचली, हेच मुळात विलक्षण आहे.

कॅप्लन आणि फील्डिंग यांच्या बाबतीत मला थोडे अधिक सांगायचे आहे. पन्नासच्या दशकात अमेरिकेत साम्यवादाच्या संशयावरून चित्रपटसृष्टीतील अनेकांना काळ्या यादीत टाकण्यात आले. हे दोघेही त्यात भरडले गेले. हातातली कामे गेली, उमेदीची वर्षे गेली. पुढच्या दशकात दूरचित्रवाणीने त्यांना पुन्हा लेखणी हाती दिली. कॅप्लन यांचे 'द डूम्सडे मशीन' ऐकताना हा इतिहास ठाऊक असण्याची गरज नाही. ऑक्टोबर १९६७ मध्ये प्रक्षेपित झालेल्या या भागात ग्रह गिळत सुटलेल्या यंत्रासाठी त्यांनी खालच्या स्वरांत पुनःपुन्हा आदळणारी एक छोटी आकृती योजली आहे. आठ वर्षांनी 'जॉज'मधल्या शार्क माशासाठी जॉन विल्यम्स यांनी योजलेल्या सुप्रसिद्ध आकृतीची ती आठवण करून देते. पण हे दोन-दोन भाग करून गेलेले संगीतकार यादीतून गळले, तर ती यादी माझ्या लेखी अपुरी आहे. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला : आठांपैकी प्रत्येकाचा किमान एक तुकडा. या नियमामुळेच फील्डिंग यांचे 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' मी नीट ऐकले. त्यात विनोद इतक्या गंभीर चेहऱ्याने केला आहे, की पहिल्या यादीत त्याला जागाच मिळाली नव्हती. संकटांच्या गर्दीत हसू ऐकू येत नाही.

असेच एकदा निसटलेले आणि मग परत आणलेले नाव म्हणजे जॉर्ज ड्युनिंग. 'द एम्पाथ' या १९६८ मधील भागातली जेम ही मुकी आहे. दुसऱ्याची वेदना स्वतःच्या अंगावर घेण्याची शक्ती तिच्यात आहे, पण सांगायला शब्द नाहीत. तिचे सारे बोलणे ड्युनिंग यांनी वाद्यांवर सोपवले. भाग पाहताना ते संगीत मला किंचित गोड वाटले होते. चित्र बाजूला ठेवून ऐकल्यावर लक्षात आले, की ही गोडी वरवरची आहे. सुरावट दरवेळी पूर्णत्वाच्या जवळ जाते आणि मागे फिरते. यादी करण्याचा एक अनपेक्षित लाभ असा, की निवड ऐकणाऱ्यालाही तपासून पाहते.

क्रम लावताना प्रक्षेपणाचा क्रम सोडून द्यावा. आपल्याकडच्या मैफलीची मांडणी येथे अधिक उपयोगी पडते. आरंभी आवाज आणि अवकाश यांची ओळख, मग एक विस्ताराने मांडलेला मोठा प्रसंग, त्यानंतर हलके काही, पुन्हा एक भारदस्त रचना आणि शेवट शांतवणारा. माझ्या सध्याच्या यादीत शीर्षकानंतर लगेच लढाई येत नाही. करेज यांनी 'द केज' या पहिल्या चाचणी-भागासाठी लिहिलेले गूढ, परके सूर येतात. 'द डूम्सडे मशीन'ची सलग मालिका मध्यावर आहे, अकरा मिनिटांची. तिच्यानंतर 'शोअर लीव्ह'मधली फिनिगन या वात्रट विद्यार्थ्याची आयरिश नाचाची धून येते आणि अक्षरशः खिडकी उघडल्यासारखे वाटते. स्टायनर यांचे 'बॅलन्स ऑफ टेरर'मधील रोम्युलन सेनेचे संगीत त्याच्याही पुढे. 'अमोक टाइम' उत्तरार्धात आणि 'द एम्पाथ' शेवटून दुसरे.

एकूण लांबी सत्तर मिनिटांच्या आसपास ठेवावी. संगणकावर यादी कितीही लांबवता येते, हीच तिची अडचण आहे. ज्यांनी ऐंशीच्या दशकात गाण्यांची चिठ्ठी देऊन दुकानातून कॅसेट भरून घेतल्या आहेत, त्यांना मर्यादेचे मोल सांगावे लागणार नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. एक गाणे घालायचे तर एक काढावे लागे आणि त्या काढाघालीतच आपली आवड आपल्याला कळे.

तांत्रिक बाजू थोडक्यात. सीडीवरून संगणकावर घेताना प्रत खालावू न देणारे 'फ्लॅक' हे स्वरूप वापरावे. एमपीथ्री प्रती नंतर हव्या तितक्या करता येतात, उलट प्रवास शक्य नसतो. प्रत्येक फाइलला भागाचे नाव, संगीतकार आणि वर्ष लगेच जोडावे, कारण 'तबकडी ७, ट्रॅक ३१' यावरून महिन्याभराने काहीही उमगत नाही. निरनिराळ्या दिवशी मुद्रित झालेल्या तुकड्यांचा आवाज कमीअधिक असतो. त्यासाठी प्रत्येक तुकड्याची पातळी आपोआप समान करणारी सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ती वापरल्यास बासरीचा हळवा तुकडा आणि रणवाद्यांचा कल्लोळ एकाच उंचीवर येतात. पातळी कानाने आणि हाताने जुळवावी. वेळ लागतो, पण काम एकदाच करायचे असते. ऑनलाइन सेवेवर यादी करून निर्धास्त राहू नये. प्रसारणाचे हक्क संपले, की तुकडे यादीतून गुपचूप नाहीसे होतात आणि मर्यादित प्रतींचे संच एकदा संपले, की ते जुन्या बाजारात अवाच्या सवा भावाने शोधावे लागतात. विकत घेतलेली तबकडी आणि तिची एक जपून ठेवलेली प्रत, हाच भरवशाचा मार्ग.

यादीसोबत एक दुसरी यादीही ठेवावी, गाळलेल्या तुकड्यांची. दर सहा महिन्यांनी तिच्यातला एक तुकडा आत घ्यावा आणि आतला एक बाहेर काढावा. माझ्याकडे सध्या त्या दुसऱ्या यादीत चौदा तुकडे वाट पाहत आहेत. त्यांत ड्युनिंग यांनी 'मेटामॉर्फोसिस'साठी लिहिलेली प्रेमाची सुरावट आहे आणि तिच्यासाठी कोणाला बाहेर काढायचे, यावर गेले दोन रविवार खर्ची पडले आहेत. फिनिगनची आयरिश धून काढावी, असे घरातल्यांचे मत पडले. मी अजून तयार झालेलो नाही.